गुणवत्तेचा कांगावा

रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या क्रिकेट-इतिहासाने पालवणकर बाळूंना विस्मृतीतून बाहेर काढले, हे ऋण मान्यच. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला हिंदू संघाने कर्णधार नेमले नाही. तो मान धाकट्या विठ्ठलला, तोही १९२३ साली. प्रस्थापित वाचक ही जुनी गोष्ट म्हणून पुस्तक मिटतो. जुनी कसली? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशांतून वंशाचा विचार हद्दपार केला. नौकानयन, तलवारबाजीच्या खेळाडूंची खास भरती मात्र गुणवत्ता म्हणून शाबूत राहिली. हे खेळ परवडतात कोणाला? पारनेरच्या कोरड्या माळावर पोलीस भरतीसाठी अनवाणी धावणाऱ्या पोराला होडी कोण देणार? आणि आपल्याकडील स्टाफरूममध्ये चर्चा होते ती त्याच्याच राखीव जागेची.