‘फ्रीस्टाईल’ आणि ‘स्कूटर’, दोन्ही शब्द साताऱ्याचेच

साताऱ्यात ‘स्कूटर’ हा शब्द उच्चारला की पन्नाशीपुढच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ‘प्रिया’ उभी राहते. बजाज आणि राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, कारखाना साताऱ्यात टाकला, आणि तिथून ही गाडी बाहेर पडायला लागली. नवरा चालवतोय, पुढे पोरगं उभं, मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, पायाशी भाजीची पिशवी. इतकी सभ्य, संसारी गाडी दुसरी नाही.

‘फ्रीस्टाईल’ हा शब्दही इथलाच म्हणायचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले ते फ्रीस्टाईल कुस्तीतलं. अर्थात आपल्याकडच्या पेपरांनी या शब्दाचं पुढे जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ‘किरकोळ कारणावरून दोन गटांत फ्रीस्टाईल’ अशी बातमी आली की समजायचं, बाजारपेठेत खुर्च्या उडाल्या.

आता माझा चौदा वर्षांचा भाचा, मुक्काम सातारा, जेव्हा म्हणतो की ‘मी फ्रीस्टाईल स्कूटर करतो’, तेव्हा त्याच्या आजीच्या डोक्यात काय चित्र तयार होत असेल याची कल्पना करा.

तर ही स्कूटर म्हणजे पायाने ढकलायची. एक फळी, दोन छोटी चाकं, उभं हँडल. गेल्या वर्षी त्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. सोसायटीचं पार्किंग, मागे अजिंक्यतारा, आणि हा उडी मारतोय. खाली लिहिलं होतं, ‘मामा, हे बघ की.’ मी काय केलं? हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी टाकला आणि लिहिलं, ‘अरे ही तर पोरांची स्कूटर!’ ताईनेही हसून दिलं. त्यानंतर त्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकणं बंद केलं. दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं.

या खेळाच्या जगभरातल्या अब्रूची गोष्ट मी नंतर शोधून वाचली, आणि मला कळलं की माझी कॉमेंट अजिबात नवीन नव्हती. स्केटबोर्डवाले आणि बीएमएक्स सायकलवाले वीस वर्षं हेच बोलतायत.

मुळात ही वस्तू खेळासाठी जन्मलीच नाही. झुरिकमधल्या विम ऊबोटर नावाच्या माणसाला सॉसेज खायचं होतं. दुकान चालत जायला लांब आणि गाडी काढायला जवळ. त्या मधल्या अंतरासाठी त्याने घडीची स्कूटर बनवली. २००० च्या आसपास ‘रेझर’ या नावाने ती अमेरिकेत गल्लोगल्ली पोचली. पोरांनी ती शाळेत नेली, मग फुटपाथवरून उडवली, मग स्केटपार्कात घुसवली. घडीचा सांधा तुटायला लागला तेव्हा न दुमडणाऱ्या, एकसंध हँडलच्या स्कूटर निघाल्या. खेळ असा तयार झाला, खालून आणि पोरांच्या हातून.

आणि तिथेच त्याच्या नावाला डाग लागला. स्केटपार्कात एक न लिहिलेला नियम असतो, आपापली पाळी येईपर्यंत थांबायचं. सहा वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार? ते आपलं आडवं घुसतं, मोठा स्केटर त्याला चुकवायला जातो आणि तोंडावर आपटतो. सगळा राग स्कूटरवर निघतो. चिडायला कारण होतंच, पण ते पोराच्या वयाचं होतं. लोकांनी ते वस्तूच्या खात्यावर लिहून टाकलं.

दुसरा आरोप सोपेपणाचा. यात तथ्य आहे, उगाच नाकारत नाही. स्केटबोर्ड हाताने न धरता नुसत्या पायांनी हवेत उचलायला शिकण्यात महिने जातात. स्कूटरला हँडल आहे, पहिल्याच आठवड्यात पोरगं उडी मारतं. पण सुरुवात सोपी म्हणून शेवटही सोपा, हे कुठलं गणित? ‘टेलव्हिप’ म्हणून एक प्रकार आहे. हवेत गेल्यावर पायाने फळी लाथाडायची, ती हँडलभोवती पूर्ण एक फेरी घेते, आणि खाली यायच्या आत तिला पुन्हा पायाखाली घ्यायचं. चुकलं की फळीची कड थेट नडगीवर. चाकं तळहाताएवढी आणि कडक, धक्का शोषायला स्प्रिंग नाही, पार्किंगमधला हरभऱ्याएवढा खडासुद्धा पुरतो. उंच रॅम्पवरून उलटी कोलांटी मारणाऱ्याला ‘तुझं सोपं आहे रे’ म्हणायला मोठं धाडस लागतं, आणि म्हणणारा बहुतेक वेळा मोबाईलवर बसलेला असतो. मी सोफ्यावर होतो.

यातली गंमत अशी की नाकं मुरडणारे स्वतः कालपरवापर्यंत दाराबाहेरच होते. नॉर्वेने १९७८ ते १९८९ स्केटबोर्डवर चक्क बंदी घातली होती. आज स्केटबोर्ड आणि बीएमएक्स फ्रीस्टाईल दोन्ही टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहेत. स्कूटर अजून बाहेर उभी आहे, आणि आत गेलेले दार लावून घेतायत.

मला सगळ्यात बोचली ती ऑस्ट्रेलियाच्या रायन विल्यम्सची गोष्ट. स्कूटरवर त्याने जे केलं ते त्याआधी कुणी केलं नव्हतं. तरी बाकीच्यांच्या नजरेत तो मोठा झाला कधी? बीएमएक्स सायकलवर बसून त्याने एक्स गेम्सचं सुवर्ण जिंकलं तेव्हा. म्हणजे स्कूटरवाला खरा खेळाडू आहे हे सिद्ध करायला त्याला सायकल चालवून दाखवावी लागली.

हे वाचताना मी एकदम सांगलीत गेलो. कारण हे वाक्य मी ऐकलेलं आहे, दुसऱ्या शब्दांत.

मी आठवीपर्यंत मल्लखांब करायचो. सांगली जिल्हा म्हणजे कुस्तीचा मुलूख. कवठे पिरानच्या मारुती मान्यांनी १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, त्याची गोष्ट आमच्याकडे रामायणासारखी सांगतात. तालमीच्या कोपऱ्यात एक एरंडेल लावलेला खांब, आणि त्यावर आम्ही चार पोरं. लाल मातीतली पोरं येता-जाता म्हणायची, ‘खांबाशी काय लढतोस? तो काय उलटा डाव टाकणाराय व्हय?’ आमच्या चुलत्यांचा प्रश्न दर रविवारी ठरलेला, ‘कुस्ती कधी धरणार?’ मांडीची सालटी गेलेली असायची, खांबाच्या माथ्यावर एका हातावर मी तोल धरलेला असायचा, आणि खालून विचारणा व्हायची की खरा खेळ कधी सुरू करणार. नववीत मी सोडला. कुस्ती काही धरली नाही. काहीच धरलं नाही.

त्यांचीही एका परीने चूक नव्हती. मल्लखांब होताच मल्लाचा खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नव्याने उभं केलं तेही पैलवानाच्या अंगात चपळाई आणि पकड यावी म्हणून. चाकर म्हणून आलेल्याला घरचा मानायला वेळ लागतो. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तो जगाला दाखवला. तरी पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९८१ उजाडलं. मुंबईच्या हिमानी परबला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये तो आला २०२२ मध्ये, गुजरातला. दोन वर्षांनी उदय देशपांडेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्याच चुलत्यांनी मला बातमीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तू का सोडलास?’ मी उत्तर दिलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की खेळाची पत त्यातल्या अवघडपणावरून ठरतच नाही. ती वस्तू आधी कुणाच्या हातात होती, यावरून ठरते. खांब पैलवानाचा, म्हणून मल्लखांबवाला अर्धा पैलवान. स्कूटर लेकराची, म्हणून ती चालवणारा न वाढलेला. आपल्याकडे मोटारवाल्या स्कूटरचंही तेच झालंय. तीच करामत बुलेटवर केली तर ‘रायडर’ आणि ॲक्टिव्हावर केली तर ‘छपरी’. छपरी हा शब्द चालवणाऱ्याच्या कौशल्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, फक्त त्याच्या ऐपतीबद्दल बोलतो.

पण स्कूटरवाल्यांवरही माझा एक राग आहे, तो इथे सांगून टाकतो. या लोकांनी स्वतःची भाषा फारशी केलीच नाही. टेलव्हिप, बारस्पिन, नावं बरीचशी सायकलवाल्यांची. आणि ‘आम्ही पोरांचे नाही’ हे सांगण्यासाठी ‘प्रो स्कूटर’ असा शब्द काढला, घडीच्या स्कूटरला हसायला लागले. ज्या गल्लीतल्या पोरांनी हा खेळ तयार केला, त्यांच्याच वस्तूला नावं ठेवून इज्जत मिळवायची धडपड. त्यातून इज्जत तर आली नाही, फक्त हसणाऱ्यांची रांग एका माणसाने वाढली.

दिवाळीत साताऱ्याला गेलो. मी आधी माफी वगैरे मागितली नाही, आपल्याकडे मामा लोक मागत नाहीत. ‘चल, दाखव’ म्हणालो आणि पार्किंगमध्ये एका गाडीला टेकून उभा राहिलो. भाचा पहिल्यांदा बोलेचना. मग सांगायला लागला. संगम माहुलीच्या घाटाकडे तो कसा बघतो, कुठे किती पायऱ्या सलग आहेत, कुठला दगड झिजलाय. तिथे स्कूटर नेणार नाही, देवळाची जागा आहे, पण डोळे मोजतातच म्हणाला. ते ऐकून मला बरं वाटलं. खांबावरून उतरल्यावर मलाही कित्येक वर्षं विजेचे डांब तसेच दिसायचे.

दोनदा पडला. नडगीतून रक्त आलं, ते त्याने मोज्याला पुसलं. तिसऱ्यांदा फळी फिरली, पायाखाली आली, चाकं खाडकन टेकली. मी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचं पाच वर्षांचं पोरगं आपली तीन चाकी स्कूटर घेऊन मधोमध आलं. चाकांत लाल-हिरवे दिवे लागणारी.

‘ए, बाजूला घे ती,’ भाचा म्हणाला. ‘ती खेळण्यातली आहे.’

पोरगं भिंतीशी जाऊन उभं राहिलं. चाक थांबलं तसे दिवेही विझले. मी भाच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून थोडा हसला, मग त्याचं हसू गेलं. ‘ये रे,’ तो त्या पोराला म्हणाला, ‘पण आधी माझं झालं की मग तुझा नंबर. तिथं थांबायचं, त्या पिवळ्या पट्टीमागं.’