उपनगरातील घर आणि ‘अपडाऊन’ : एका वाङ्मयीन निकषाची तपासणी

उपनगरातील माणूस म्हणजे सकाळी महानगराकडे धावणारा आणि रात्री केवळ झोपण्यापुरता घरी परतणारा माणूस, अशी एक समजूत मराठी समीक्षेत रूढ झाली आहे. मुंबईपुरती ती यथार्थ आहे. तीच नांदेड-लातूरकडील जीवनास जशीच्या तशी लावली असता कोणती गफलत होते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

ही समजूत ज्या कृतींतून घडली त्यांचा क्रम लक्षणीय आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या पुस्तकात (१९५८) विनोदाचा भर ओसरल्यावर शेवटच्या चिंतनात उरते ती मोडत चाललेल्या एकत्र जीवनाची रुखरुख. चाळ सोडलेला हा मध्यमवर्ग पुढे रुळांच्या कडेने दूर दूर सरकत गेला. स्वतः डोंबिवलीकर असलेल्या शं. ना. नवरे यांनी याच वर्गाची सुखदुःखे सौम्य नजरेने टिपली. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या निशिकांत कामत यांच्या चित्रपटात तर बँकेतील नोकर माधव आपटे याचा रोजचा लोकलप्रवास हाच त्याच्या उद्रेकाची पार्श्वभूमी होतो. या साऱ्यांमागील आर्थिक सूत्र एकच आहे : नोकरीच्या ठिकाणी घर परवडत नाही, म्हणून ते दूर घ्यावयाचे.

नांदेड आणि लातूर येथे हे सूत्र उलटे होते. सिडकोची वसाहत, तरोड्याकडील नव्या वस्त्या, लातुरातील औसा व अंबाजोगाई रस्त्यांवरील घरे यांतून सकाळी निघणारा शिक्षक, ग्रामसेवक किंवा तलाठी शहराकडे जात नाही; तो लोहा, कंधार, मुदखेड, रेणापूर, चाकूर या बाजूंच्या गावांकडे जातो. या रोजच्या जाण्यायेण्यास तिकडे सर्रास ‘अपडाऊन’ म्हणतात. नोकरीच्या गावी राहणे त्यास स्वस्त पडले असते. नियमाचीही अपेक्षा त्याने मुख्यालयी राहावे अशीच असते. तरीही पतसंस्थेचे व बँकेचे कर्ज डोक्यावर घेऊन तो महागडा प्लॉट शहराच्या कडेला घेतो. पाण्याच्या सोयीसाठी म्हणावे, तर लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. या घराचे खरे मोल शाळा, शिकवणी आणि दवाखाना यांच्या जवळिकीत आहे. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक झाल्यापासून तर हे विशेषच खरे आहे. मुंबईचे उपनगर नोकरीपासूनचे अंतर सोसते. येथील उपनगर ते अंतर मुलांसाठी विकत घेते.

आता हा माणूस वाङ्मयात कोठे बसवावयाचा? ‘ग्रामीण’ आणि ‘महानगरी’ हे आपले दोन कप्पे त्यास अपुरे पडतात. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ या कादंबरीत (१९७१) गावातील शिंप्याच्या घराची वाताहत त्या घरच्या स्त्रीच्या मुखातून येते. ग्रामीण कादंबरीचे सामर्थ्य या आतून पाहण्यात आहे. परंतु आतून पाहणाऱ्या या दृष्टीस अपडाऊन करणारा गुरुजी घड्याळाकडे पाहणारा उपराच दिसणार. तो पुष्कळदा शेतकऱ्याचाच मुलगा असतो, आणि ज्या जमिनीवर त्याने घर बांधले तीही काल कोणाचे तरी शेत होती, हे मात्र त्या दृष्टीतून निसटते. शेताचे गुंठे पाडून विकण्याचा हा व्यवहार इतका वाढला की, २००१ साली गुंठेवारी विकास नियमित करण्यासाठी राज्यास स्वतंत्र अधिनियम करावा लागला.

नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ या नाटकाचे नावच येथे निकष म्हणून उपयोगी पडते. प्राध्यापक सतीश, त्याचे काका आणि तरुण अर्जुन यांच्या रूपाने आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या त्यात समोरासमोर येतात. शिकलेल्याचे शहरातील घर ही वाट की पळवाट, हा प्रश्न त्या संघर्षाच्या प्रकाशात विचारता येतो. गावात घराची जागा जातीने ठरत आली. नव्या वस्तीत ती निदान कागदावर प्लॉटच्या क्रमांकाने ठरते. ज्याच्या वडिलांचे घर गावकुसाबाहेर होते, त्याच्या वास्तुशांतीस कोणी केवळ मध्यमवर्गीय हव्यास म्हणू लागला, तर ती समीक्षा अन्यायाची होईल. मात्र घर विकताना किंवा भाड्याने देताना आडनाव विचारले जात असेल, तर ती वाट पुरती मोकळी झालेली नाही, हेही तितकेच खरे. शिवाय संध्याकाळी गुरुजी परतल्यावर गावातील मुलास अडलेले गणित विचारावयास कोणी उरत नाही. एका मुलाच्या भवितव्यासाठी घेतलेले अंतर दुसऱ्या मुलाच्या वाट्याला येते.

म्हणून या विषयावरील कथा-कादंबरीचे मोल ठरविताना ती गावाची की शहराची हा प्रश्न गौण मानावा. रस्त्याच्या दोन्ही टोकांची मुले लेखकाच्या दृष्टीस एकाच वेळी दिसतात काय, हे पाहावे. ज्या कृतीत एकच टोक दिसते, ती अनुभवाने कितीही खरी असली तरी अपुरीच ठरेल.