छायाचित्र, चौकट आणि अस्सलपणा : व्हाइट हाउसच्या लाकडाच्या निमित्ताने

प्रसिद्ध वास्तूतून निघालेल्या लाकडाच्या चौकटीत एखादे ऐतिहासिक छायाचित्र बसवले की संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मोल वाढते. तेच छायाचित्र साध्या चौकटीत असते तर त्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते. हे वाढीव मोल नेमके कशाचे, हा प्रश्न कलासमीक्षेने दुर्लक्षावा इतका किरकोळ नाही. कांटने 1790 मध्ये चित्राच्या चौकटीची गणना कलाकृतीबाहेरच्या अलंकारात केली. देरिदाने 1978 मध्ये आतले आणि बाहेरचे यांतील ही सीमारेषाच संशयास्पद ठरवली. येथे मात्र सीमारेषेचा वादही उरत नाही. चौकट प्रधान होते आणि चित्र तिचे निमित्त ठरते.

अमेरिकेच्या व्हाइट हाउसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1814 मध्ये ब्रिटिश सैन्याने जाळलेली ही वास्तू जेम्स हॉबनच्या देखरेखीखाली 1817 पर्यंत पुन्हा उभी राहिली. पुढे नळ, वायू आणि विजेच्या तारा नेण्यासाठी तिच्या तुळया वेळोवेळी कापल्या-पोखरल्या गेल्या. 1948 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या कन्येच्या पियानोचा पाय जमिनीत रुतला, तेव्हा दुखणे उघड झाले. बाह्य भिंती तेवढ्या राखून आतला भाग जवळजवळ संपूर्ण काढून टाकण्यात आला आणि पोलादी सांगाडा उभारण्यात आला. ट्रुमन कुटुंब मार्च 1952 मध्ये परतले. दरम्यान, निघालेल्या लाकूड-विटांतील काही भाग नूतनीकरण आयोगाने नाममात्र किमतीत स्मरणवस्तू म्हणून जनतेला दिला.

या सर्व कामाचे छायाचित्रण राष्ट्रीय उद्यान सेवेचे छायाचित्रकार ॲबी रो यांनी केले. पोकळ झालेल्या वास्तूच्या तळाशी काम करणारा बुलडोझर हे त्यांतील सर्वांत परिचित दृश्य. (भिंतीला मोठे भगदाड पडू नये म्हणून हे यंत्र सुटे करून आत न्यावे लागले होते.) सरकारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेली ही छायाचित्रे सार्वजनिक मालकीची आहेत, त्यांच्या कितीही प्रती काढता येतात. लाकूड मात्र मोजकेच. बेंजामिनने 1936 च्या निबंधात म्हटल्याप्रमाणे यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते. ते हरवलेले तेजोवलय येथे सुताराकरवी बाहेरून जडवले जाते, असे म्हणावे लागेल.

बार्थने 1980 मध्ये छायाचित्राचे सार ‘हे होते’ या साक्षीत पाहिले. लाकूडही तीच साक्ष देते, परंतु निराळ्या वस्तूविषयी. खरी अडचण येथे सुरू होते. चौकटीत अब्राहम लिंकन यांचे छायाचित्र बसवले, की लाकडाने लिंकन यांना पाहिले असावे, असे प्रेक्षक न सांगताच गृहीत धरतो. 1817 च्या तुळईबाबत हे गृहीतक निदान असंभवनीय नाही. परंतु 1902 मध्ये, थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात, याच वास्तूत नवे लाकूडकाम झाले आणि तेव्हा लिंकन यांच्या निधनाला सदतीस वर्षे लोटली होती. ‘व्हाइट हाउसचे लाकूड’ ही संज्ञा दोन्ही कालखंडांना एकाच नावाखाली झाकते. प्रत्येक शब्द खरा असूनही एकूण विधान फसवे होऊ शकते, ते असे.

शिवाय पॉलिश चढवलेला पाइन लाकडाचा तुकडा स्वतःविषयी काहीच सांगू शकत नाही. आयोगाच्या स्मरणवस्तूंसोबत प्रमाणीकरणाची छोटी धातूची पट्टी येत असे. म्हणजे छायाचित्राला चौकटीचा आधार, चौकटीला पट्टीचा, आणि पट्टीला शासनाच्या शब्दाचा! अवशेषांवरील श्रद्धेचा इतिहास पाहता ही साखळी नवी नाही. 1543 मध्ये कॅल्व्हिनने ख्रिस्ताच्या क्रुसाचे म्हणून दाखवले जाणारे तुकडे एकत्र केल्यास एक जहाज भरेल, असा टोला हाणला होता.

तथापि या प्रकाराला सरसकट व्यापारी क्लृप्ती म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. त्याच तुळयांच्या लाकडाच्या चौकटीत लिंकन यांच्याऐवजी रो यांचे बुलडोझरचे छायाचित्र बसवले, तर अर्थ पालटतो. चौकट मग गौरवाची उरत नाही. चित्रातील पोकळीत जे नाही, तेच तिच्या चार बाजूंनी उभे राहते. जतन आणि विध्वंस ही एकाच कामाची दोन अंगे होती, हे तेथे लपत नाही. जुन्या तुळयांतील काही लाकूड 1952 मध्ये व्हाइट हाउसच्याच तळमजल्यावरील ग्रंथालयाच्या भिंतींना तावदानी आच्छादन म्हणून लावले गेले. तेथे त्याला पट्टीची गरज पडली नाही.