शेवटच्या पानावरचं कॉमिक

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एक वेबकॉमिक सुरू केलं होतं. अकरा पानं झाली. मग सबमिशन आलं, राइटअप उतरवून काढायच्या रात्री आल्या आणि बारावं पान पेन्सिलीतच राहिलं. 'वेळच मिळाला नाही' हे कारण मी पुढची सात वर्षं सगळ्यांना सांगत आलो. एनडी स्टीव्हन्सन यांचं 'निमोना' वाचल्यापासून ते सांगताना जीभ अडखळते.

'निमोना' २०१२ साली वेबवर सुरू झालं, तेव्हा स्टीव्हन्सन अमेरिकेतल्या मेरीलँड इन्स्टिट्यूट कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होते. तेच कॉमिक त्यांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट झालं. २०१५ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि ते नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीतही पोहोचलं. म्हणजे अभ्यास एकीकडे, आवड दुसरीकडे असा हिशोबच त्यांनी ठेवला नाही. कला महाविद्यालयात हे जमतं, आमच्या व्हायवात कसं जमणार, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो. पण खरी गोष्ट पुढे आहे.

गोष्ट अशी : ब्लॅकहार्ट हा राज्याचा अधिकृत खलनायक. त्याच्या दारात निमोना नावाची पोरगी येते आणि मला हाताखाली घे म्हणते. ती हवं ते रूप घेऊ शकते. शार्क, मांजर, ड्रॅगन, काहीही. समोर गोल्डनलॉइन हा देखणा सरदार. त्याच्यामुळेच एका झुंजीत ब्लॅकहार्टचा हात गेलेला. आणि या सगळ्यांच्या मागे एक संस्था, जी नायक कोण आणि खलनायक कोण हे ठरवते.

यातलं नवीन काय? काहीच नाही. सरदार, ड्रॅगन, रूप बदलणारे जीव, सगळा जुना माल. स्टीव्हन्सन फक्त एक प्रश्न विचारतात : राक्षस हे नाव दिलं कोणी? मी मात्र 'ओरिजिनल' कल्पनेची वाट बघत जपानी मांगा चाळत बसलो होतो. आजीच्या गोष्टीतला मारीच घरातच होता. रावणाच्या धाकाने सोन्याचं हरीण झालेला, दोन्हीकडून मरण ठरलेला. त्याला स्वतःला काय हवं होतं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. निमोना वाचताना पहिल्यांदा वाटलं.

पुस्तकात खोट आहे, आणि ती उघड दिसते. सुरुवातीची चित्रं साधी, रेषा पातळ, पानागणिक एक विनोद. निमोना पहारेकऱ्यांना मारते तेही हसण्यावारी जातं. पुढे रंग गडद होतात, तिची जखम कळते आणि प्रत्येक मृत्यूचं ओझं आपल्याला वाटावं अशी अपेक्षा केली जाते. पण सुरुवातीला मेलेल्यांना चेहराच दिलेला नसतो. पानापानाने प्रसिद्ध होणाऱ्या कामात हे होतंच. एकदा प्रॉडक्शनला गेलेला कोड लोकांनी पाहिलेला असतो.

२०२३ च्या नेटफ्लिक्सवरच्या सिनेमाने हा सांधा गुळगुळीत केला. तिथे नायकावर राणीच्या खुनाचा खोटा आळ येतो, म्हणजे तो पहिल्यापासून निर्दोष. सिनेमा सुबक आहे आणि कॉमिकमध्ये आडून सुचवलेलं दोन पुरुषांमधलं प्रेम तो मोकळेपणाने दाखवतो. पण कॉमिकमधला ब्लॅकहार्ट खरोखरच गुन्हे करतो, तरी आपण त्याच्या बाजूने उभे राहतो. ती अडचण सिनेमात उरत नाही. मला अडचणवालं पुस्तक जास्त आवडतं.

आणि त्या पातळ रेषांकडे बघून माझं कारण उघडं पडलं. वेळ कमी होता हे खरंच. केटीचं टेन्शनही खरं होतं. पण त्याच सेमिस्टरमध्ये मी रात्र रात्र काउंटर स्ट्राइक खेळलोय. बारावं पान थांबलं, कारण पहिली अकरा मलाच कच्ची वाटत होती आणि ती लोकांना दिसत होती. स्टीव्हन्सननी कच्ची पानं मागे ठेवून पुढचं पान काढलं. एवढाच फरक. आणि तो मोठा आहे.

गेल्या रविवारी ती वही काढली. डेटा स्ट्रक्चर्सच्या नोट्स पुढून, कॉमिक मागून. मधे चाळीसेक कोरी पानं आहेत. बाराव्या पानावर एक हरीण काढलंय. पाय चुकलेत.