विश्वास उत्तरावर, की उत्तर देणाऱ्यावर?

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत २०१६ साली झालेला एक प्रयोग शिक्षणविषयक चर्चांमध्ये वारंवार सांगितला जातो. प्रा. अशोक गोएल यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला सुमारे ३०० विद्यार्थी होते. एका सत्रात त्यांचे सुमारे १०,००० लेखी संदेश येत. सगळ्यांना उत्तरे देणे सहायक शिक्षकांना जमेना. म्हणून आयबीएमच्या वॉटसन प्रणालीवर आधारलेली ‘जिल वॉटसन’ नावाची आज्ञावली त्या सहायकांत सामील केली गेली. उत्तराची ९७ टक्के खात्री असेल तरच ती उत्तर देई. ती माणूस नाही, हे विद्यार्थ्यांना सत्र संपत आल्यावर सांगण्यात आले.

यावरून ‘विद्यार्थी यंत्रावर विश्वास टाकतात’ असा निष्कर्ष काढला जातो. आम्हाला तो मान्य नाही. जिलकडे येणारे प्रश्न बहुतेक गृहपाठाचे स्वरूप, मुदत अशा नेहमीच्या बाबींचे होते. उत्तर बरोबर निघाले की असा विश्वास बसतो. तो रेल्वेच्या वेळापत्रकावरही बसतो. ‘मला हे समजलेच नाही’ असे सांगायला लागणारा मोकळेपणा वेगळा. शिवाय समोर यंत्र आहे हेच लपवले, तर यंत्रावरील विश्वासाची परीक्षा झाली कुठे?

यंत्रापाशी माणसे मोकळी होतात, हे मात्र खरे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ ही संवाद करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरच्याचेच शब्द ती प्रश्नाच्या रूपात परत करी. तिला कळत काहीच नव्हते. तरीही वायझेनबाउम यांच्या सचिव तिच्याशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जायला सांगितले! म्हणजे बोलणारा मोकळा झाला, एवढ्यावरून ऐकणारा विश्वासपात्र ठरत नाही.

यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, चारचौघांत पाणउतारा करत नाही. पण त्याला सांगितलेले कुठेतरी साठून राहू शकते. आणि खात्री नसताना गप्प बसण्याचा जिलचा गुण आजच्या संवादयंत्रांत अभावानेच दिसतो. चुकीचे उत्तरही ती ठामपणे देतात.

तेव्हा असे साधन वर्गात आणणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी सांगाव्यात: हे यंत्र आहे, आणि तुमचे बोलणे कोण वाचू शकते. आपण शिक्षकांनी मात्र स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. मूल जी शंका यंत्राला विचारते, ती वर्गात विचारताना त्याला नेमकी कोणाची भीती वाटते?