नोंदवहीतली नावे

अमेरिकेच्या दक्षिणेत जुन्या मळेवाल्यांचे अनेक वाडे संग्रहालये झाले आहेत. तेथे दीर्घकाळ झुंबरे, जेवणाची मेजे आणि घराण्याची चित्रे मिरवली गेली. ज्यांच्या घामावर ते वैभव उभे राहिले त्यांचा उल्लेख ओझरताच राहिला. मिसिसिपी नदीकाठचा, लुइझियाना राज्यातील व्हिटनी मळा मात्र या प्रथेला छेद देतो. म्हणूनच त्याची मांडणी एखाद्या ग्रंथासारखी वाचावी असे आम्हांस वाटते.

आम्ब्रोझ हायडेल या जर्मन स्थलांतरिताने फ्रेंच अमलात, १७५२ साली हा मळा वसवला. प्रथम नीळ, पुढे ऊस. राबणारे हात गुलामांचे. वकील जॉन कमिंग्ज यांनी तो १९९९ मध्ये विकत घेतला आणि डिसेंबर २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला केला. त्या वेळी फेरीचा आरंभ ठेवला गेला तो मुक्त झालेल्या गुलामांनी १८७० मध्ये बांधलेल्या आणि पुढे येथे हलवलेल्या चर्चपासून. मालकाचा वाडा शेवटी. एवढ्या क्रमबदलाने सारा अर्थ पालटतो.

मांडणीचा गाभा आहे 'फील्ड ऑफ एंजल्स'. तीन वर्षांची होण्याआधीच दगावलेल्या २,२०० गुलाम बालकांची स्मृती येथे ग्रॅनाइटच्या फलकांवर कोरली आहे. ही माहिती आली न्यू ऑर्लिन्स महाधर्मप्रांताच्या संस्कारांच्या नोंदवह्यांतून. लग्न ठरले की ज्या वहीतून आपण बाप्तिस्म्याचा दाखला घेतो, तसल्याच वह्या त्या!

येथे आम्हां धर्मगुरूंना थांबणे भाग आहे. १७२४ च्या 'कोड नोआर' या फ्रेंच कायद्याने गुलामांना बाप्तिस्मा देणे मालकांवर बंधनकारक केले आणि त्याच कायद्याने त्यांना जंगम मालमत्ता ठरवले. ज्या वेदीवर लेकरू देवाचे झाले, तिथून ते मालकाच्याच हवाली झाले. ख्रिस्तसभेने नाव जपले. माणूस सोडवला नाही.

या दृष्टीने स्मारकात एक उणीव जाणवते. मध्यभागी बाळाला कवेत घेतलेली ब्राँझची देवदूत आहे. शिल्प सुंदर आहे, पण सांत्वन फार लवकर हाती ठेवते. दगडावरची साधी ओळ अधिक खरे बोलते, कारण ती सांत्वन करत नाही, जाब विचारते.

धर्मग्रामाच्या कपाटातील वह्या जतन करणे हे पुण्यकर्म आहेच. पण त्यात लिहिलेल्या नावाचे पुढे काय होते, याची काळजी वाहिली नाही, तर उत्तम अक्षरातली नोंदही आपल्याविरुद्ध साक्ष देते.