सूत्रधाराचा हात

ज्या प्रकाराला वाङ्मय म्हणावे की नुसता खेळ, याचा निकाल अद्याप कोणी लावलेला नाही, त्याची समीक्षा करायला बसणे हे थोडे धाडसाचेच आहे. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांविषयी मी लिहितो आहे. चार-पाच जण जमतात. त्यांतला एक जण जग उभे करतो: गाव, रस्ता, पाऊस, समोर ठाकलेला शत्रू. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. जग उभे करणाऱ्याला इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणेन.

गेली काही वर्षे मी माझ्या भाच्याच्या घरी या खेळाला बसतो. एकदा आमच्यापुढे दोन वाटा आल्या, एक जंगलातून आणि एक नदीकाठाने. आम्ही अर्धा तास वाद घातला, जुन्या खुणा आठवल्या, आणि नदीची वाट धरली. तेथे एक जखमी म्हातारी भेटली. तिने जे सांगितले त्याने आमच्या कथेला निराळेच वळण लागले. पुढे काही महिन्यांनी भाच्याची वही सहज चाळताना मला दिसले, की म्हातारी दोन्ही वाटांवर लिहिलेली होती, शब्दाशब्दाने तीच. मी विचारले, तेव्हा तो मोकळेपणाने हसला. “मामा, तिकडे गेला असता तरी तीच भेटली असती. पण तुम्हाला मजा आली ना?”

मजा आली होती, हे खरे. म्हणूनच त्या वेळी मला उत्तर सुचले नाही.

या खेळाचा जन्मच मुळी सूत्रधाराच्या फजितीतून झाला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातील एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन हे त्यातले काल्पनिक गाव. सैन्ये हलवण्याऐवजी त्याने काही खेळाडूंना गावातील एकेका व्यक्तीची भूमिका दिली. लढाईला तोंड लागण्याआधीच हे लोक परस्पर कारस्थाने करू लागले. दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले, आणि द्वंद्वाचे नियम तर वेझलीजवळ नव्हतेच. ते त्याला जागच्या जागी रचावे लागले. आपला खेळ पार फसला, असे त्याला वाटले. खेळाडू मात्र पुन्हा खेळू या म्हणून मागे लागले. त्यांच्यातच डेव्ह आर्नेसन होता. त्याने व गॅरी गायगॅक्सने १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या हजार.

दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, ‘ड्रॅगनलान्स’ ही साहसमालिका निघू लागली, आणि तिच्या जोडीने मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्याही. येथे पेच उघडच होता. कादंबरीतला नायक शेवटापर्यंत जगायला हवा, आणि खेळात तर तो फाशाच्या एका दानाने मरू शकतो. तेव्हा सूत्रधाराला सूचना अशी, की महत्त्वाच्या पात्रांचा मृत्यू शक्यतो संदिग्ध ठेवावा; प्रेत हाती लागू नये, म्हणजे पुढे गरज पडल्यास त्यांना परत आणता येईल. ही युक्ती मला कलादृष्ट्या फार स्वस्त वाटते. ज्याचे मरण रद्द होऊ शकते त्याच्या शौर्यालाही मग काही किंमत उरत नाही. असल्या खेळाला खेळाडू ‘रेलरोडिंग’ म्हणतात: रूळ आधी टाकलेले, आपण फक्त खिडकीत बसायचे.

गंमत अशी, की याच ट्रेसी हिकमनने पत्नी लॉरासह आदल्याच वर्षी ‘रेव्हनलॉफ्ट’ लिहिले होते, आणि ते मात्र माझ्या मते या प्रकारातले खरे यश आहे. बरोव्हिया नावाचा दरीतला मुलूख, वर किल्ला, किल्ल्यात काउंट स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार. त्याचे भावाच्या वधूवर जडलेले प्रेम, त्यातून घडलेली हत्या, मिळालेला शाप, हे सारे लेखकांनी पुरेपूर रचले आहे. पण ते घडून गेलेले आहे. कथा त्यांनी भूतकाळात ठेवली आणि पुढचे मोकळे सोडले. मुलुखाभोवती प्राणघातक धुके आहे. ओलांडून जाता येत नाही. हे बंधनच झाले. परंतु ते खेळाडूला पहिल्या तासातच समोर दिसते, तो त्यावर चरफडू शकतो, त्याला धरून बेत आखू शकतो. माझ्या नदीकाठच्या म्हातारीभोवतीही भिंतच होती, पण ती मला दाखवलेली नव्हती.

याहून सूक्ष्म योजना पत्त्यांची आहे. मादाम इव्हा ही भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते. सूर्यखड्ग कोठे आहे, पवित्र चिन्ह कोठे, स्ट्राडची रोजनिशी कोठे, आणि खुद्द स्ट्राडचा हेतू काय, हे त्या पत्त्यांवर ठरते. पत्ते टेबलावर उघड पडले की सूत्रधाराचाही हात बांधला जातो. आता त्याला खड्ग सोयीच्या खोलीत हलवता येत नाही.

व्हिन्सेंट बेकरचा २०१० मधील ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ याच दिशेने आणखी पुढे गेला. तेथे सूत्रधाराने शेवट आधी ठरवूच नये, असा दंडक आहे. दोन फाशांची बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर होते, पण काही मोबदला द्यावा लागतो. सहा किंवा कमी आली तर पुढची खेळी सूत्रधाराची. पात्राच्या गुणांची भर सोडली, तर छत्तिसांपैकी सहाच दाने निर्भेळ यशाची आहेत. कथा पुढे ढकलली जाते ती या मधल्या, मोबदल्याच्या दानांनी. तथापि सूत्रधार ऐन वेळी सुचण्यात कच्चा असेल, तर या मोकळिकीचा बाजार होतो. एका बैठकीत आम्ही दोन तास केवळ दोराच्या भावावर घासाघीस केली आहे, आणि कोणाच्याच आत्म्याला त्याने शांती लाभली नाही.

ठरलेला शेवट हेच मुळी पाप, असे मला म्हणायचे नाही. कोकणातल्या दशावतारात आख्यान पुराणातले, राक्षसाचा वध अटळ; नट संवाद तेवढे आयत्या वेळी रचतो. पण तेथे कोणी प्रेक्षकाला दोन वाटा दाखवून निवड करायला सांगत नाही. कादंबरीकारही मला हवा तसा नेतो. पण कोणती वाट घ्यावी यावर तो माझ्याकडून अर्धा तास वाद घालवून घेत नाही. भाच्याने घेतला होता. माझी मजा खरी होती, आणि ती ज्या विश्वासावर उभी होती तो मात्र खोटा होता. वही उघडली त्या दिवसापासून त्याच्या कोणत्याही दोन वाटांपुढे मी वाद घालू शकलो नाही. कोठेही चला, म्हणत राहिलो. हे मी त्याला पुढे सांगितले. तो रागावला नाही, पण बराच वेळ बोललाही नाही.

यंदाच्या पावसाळ्यात त्याने ‘रेव्हनलॉफ्ट’ मांडले. पत्ते पिसून गड्डी माझ्या हातात दिली आणि मलाच काढायला लावले. खड्ग किल्ल्याच्या अगदी आतल्या भागात निघाले. तेथवर पोचण्याआधीच आमच्यातले दोघे मेले, संदिग्ध काही न ठेवता. उरलेले माघारी फिरलो. खड्ग हाती येईल त्या प्रसंगासाठी आपण चार पाने लिहून ठेवली होती, असे भाचा चहा ओतताना म्हणाला. ती पाने त्याने अजून मला दाखवलेली नाहीत.